युवक संघटनेचा निधी : बेने इस्रायली समाजाकडून घ्यावयाचा धडा

प्रास्ताविक

कोणतीही युवक संघटना दोन गोष्टींवर उभी राहते. एक विचार आणि दुसरा निधी. विचाराची आपल्याकडे उणीव नाही. तथागत बुद्ध, महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल एवढी शिदोरी दिली आहे. निधीच्या बाबतीत मात्र आपण अजून उत्सवाच्या पुढे गेलेलो नाही. १४ एप्रिल जवळ आला की गावोगावी पावतीपुस्तके बाहेर पडतात. मंडप पडतो, मिरवणूक निघते, उत्साह ओसंडून वाहतो. पुढे जून-जुलै महिना येतो. एखाद्या मुलीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी, एखाद्या मुलाला खोलीच्या अनामत रकमेसाठी चार-पाच हजार रुपये तातडीने हवे असतात. शिष्यवृत्ती उशिरा जमा होते. प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी मंडळाच्या पेटीत हात घालावा तर पेटी रिकामी. मग पालक सावकाराकडे जातो किंवा निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन बसतो. पहिल्या मार्गाने कर्ज वाढते, दुसऱ्या मार्गाने मिंधेपण वाढते.

हा प्रश्न फक्त आपलाच आहे काय? जगात इतरही अल्पसंख्य, छळ सोसलेले आणि विखुरलेले समाज आहेत. त्यांनी आपल्या तरुणांसाठी पैसा कसा उभा केला, तो कसा सांभाळला, हे पाहणे उपयोगाचे ठरेल, या हेतूने प्रस्तुत लेखात आम्ही ज्यू समाजाच्या, आणि त्यातही महाराष्ट्रातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजाच्या निधी उभारण्याच्या पद्धतींचा विचार करणार आहोत.

ज्यूंचे उदाहरण बाबासाहेबांच्या वाचकाला परके वाटू नये. ‘घेट्टो’ हा शब्द इटलीतील व्हेनिस शहरातला. १५१६ साली तेथील ज्यूंना एका वेगळ्या वस्तीत कोंडण्यात आले. त्या वस्तीचे हे नाव. बाबासाहेबांनी अस्पृश्यांविषयी लिहिलेल्या एका इंग्रजी ग्रंथाच्या नावातच अस्पृश्यांना भारतातील घेट्टोची लेकरे म्हटले आहे. गावाबाहेरचा वाडा आणि शहरातली कोंडलेली वस्ती यांतील साम्य त्यांनी ओळखले होते.

बेने इस्रायली कोण?

वाशीम जिल्ह्यातील आपल्या बहुतेक वाचकांनी हा समाज प्रत्यक्ष पाहिलेला नसेल, म्हणून थोडी ओळख आवश्यक आहे. ‘बेने इस्रायल’ म्हणजे इस्रायलची संतती. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि वाचलेल्या थोड्या कुटुंबांपासून हा समाज वाढला. कोकणात ते तेल गाळण्याचा धंदा करीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दिवेकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, केहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली. भाषा मराठी. पोहे, नारळ आणि साखर यांचा ‘मलिदा’ करून ते एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे स्मरण करतात. पुढे ते मुंबईत आले, पलटणीत आणि सरकारी नोकरीत शिरले. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. हे लोक प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत.

या समाजालाही भेदाची झळ लागली. त्यांच्यातच ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असा भेद होता. बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू त्यांना आपल्या बरोबरीचे मानायला कचरत. इस्रायल देशात गेल्यावर १९६० च्या सुमारास विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेण्यात आली. त्यांनी आंदोलन केले, आणि १९६४ साली तेथील संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे जाहीर केले. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. आज बहुसंख्य इस्रायलमध्ये आहेत आणि भारतात काही हजारच उरले आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला.

एवढ्या लहान समाजाने शाळा, स्त्रियांची संस्था, तरुणांचे गट कसे चालवले, याचे उत्तर त्यांच्या देण्याच्या कल्पनेत आहे.

देणे : उपकार की कर्तव्य?

ज्यूंच्या हिब्रू भाषेत दानासाठी ‘त्सेदाका’ हा शब्द आहे. त्याचे मूळ ‘न्याय’ या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे देणारा मेहेरबानी करीत नाही. जे देणे लागतो ते देतो. या एका कल्पनेतून पुढचे सगळे नियम निघाले आहेत. त्यांतील पाच आम्हाला विशेष महत्त्वाचे वाटतात.

१. सर्वांचा सारखा वाटा. प्राचीन काळी त्यांच्या मंदिरासाठी प्रत्येक प्रौढ पुरुषाने अर्धा शेकेल द्यावा असा नियम होता. श्रीमंताने त्याहून जास्त द्यायचे नाही आणि गरिबाने कमी द्यायचे नाही. हेतू हा की संस्था कोणा एकाच्या मालकीची होऊ नये.

२. दशांश. आपल्या मिळकतीचा दहावा भाग समाजकार्यासाठी काढण्याची चाल धार्मिक ज्यू कुटुंबांत आहे. त्याला वरची मर्यादाही घातली आहे. पाचव्या भागाहून अधिक देऊन स्वतःच भिकेला लागू नये, असे त्यांचे शास्त्रकार सांगतात.

३. दोघांनी गोळा करावे, तिघांनी वाटावे. ‘मिश्ना’ हा इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेला त्यांचा धर्मशास्त्राचा ग्रंथ. त्यात गावच्या पेटीविषयी हा नियम आहे. पैसे मागायला एकट्याने जायचे नाही, कमीत कमी दोघे हवेत. वाटप ठरवायला तिघे हवेत, कारण वाटप हा एक प्रकारचा न्यायनिवाडाच आहे. पुढच्या शास्त्रकारांनी आणखी बारकावे घातले. वर्गणी गोळा करताना त्या दोघांनी एकमेकांपासून दूर होऊ नये. वाटेत स्वतःचे पैसे सापडले तरी ते खिशात न घालता आधी पेटीत टाकावेत, घरी गेल्यावर काढून घ्यावेत. पाहणाऱ्याला संशयाला जागा राहू नये. पेटीतील चिल्लर मोडून घ्यायची असेल तर ती स्वतः घेऊ नये, दुसऱ्याला द्यावी. माणूस प्रामाणिक असणे पुरेसे नाही, तो प्रामाणिक दिसलाही पाहिजे, हा यातील अर्थ.

४. घेणाऱ्याची अब्रू. जेरुसलेमच्या मंदिरात एक गुप्त खोली असे. देणारे तेथे गुपचूप ठेवीत आणि पडत्या काळातील कुटुंबे गुपचूप घेत. कोणी दिले आणि कोणी घेतले हे एकमेकांना कळत नसे.

५. दानाच्या आठ पायऱ्या. बाराव्या शतकातील विद्वान मायमोनिडीज याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खालची पायरी नाखुषीने दिलेल्या दानाची. सर्वांत वरची पायरी कोणती? गरजू माणसाला भेट, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन अशा स्थितीला आणणे की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये.

या पाचव्या तत्त्वाशी आपली ओळख आहे. बाबासाहेबांनी आयुष्यभर स्वावलंबनाचाच आग्रह धरला.

शाळेपासून युवक गटापर्यंत

तत्त्वे ग्रंथात असतात. ती रस्त्यावर कशी उतरली ते पाहू. अलिबागजवळच्या किहीम गावावरून आडनाव पडलेले हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी सहकाऱ्यांसह १८७५ साली मुंबईत इस्राएलाईट स्कूल सुरू केले. समाज लहान, बहुतेक कारकून, शिपाई, सुतार. लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनने शाळेला मदत केली. पुढे हाँगकाँगचे बगदादी ज्यू व्यापारी सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर शाळेला त्यांचे नाव मिळाले. आज माझगावच्या या शाळेत ज्यू मुले नाममात्र आहेत. इतर समाजांची मुले तेथे शिकतात. या इतिहासाकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

बेने इस्रायली स्त्रियांनी १९१३ साली मुंबईत स्त्री मंडळ स्थापन केले. याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड या १९१२ साली टाटांच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीवर वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या, पुढे नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या आणि १९६६ साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. ‘कर्जाऊ’ हा शब्द लक्षात ठेवावा. मदत घेणाऱ्याने उभे राहिल्यावर ती परत करावी, म्हणजे तोच पैसा दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळतो. ज्यू वस्त्यांमध्ये बिनव्याजी कर्ज देणाऱ्या अशा लहान पेढ्या जगभर आहेत. त्यांना ‘गमाख’ म्हणतात. त्यातून पैसे तर मिळतातच, पण पुस्तके, भांडी, लग्नाचे कपडे, दवाखान्यातील साहित्यही काही दिवसांसाठी मिळते.

विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत ‘हबोनीम’ या युवक संघटनेची शाखा काम करीत होती. हबोनीम म्हणजे बांधणारे. ही संघटना १९२९ साली लंडनच्या पूर्व भागातील गरीब ज्यू मुलांसाठी सुरू झाली. अमेरिकेत १९२४ साली ओमाहा शहरात सुरू झालेल्या मुलांच्या गटातून पुढे बनाय ब्रिथ ही मोठी युवक संघटना वाढली. हस्तकौशल्याचे शिक्षण देणारी ‘ऑर्ट’ ही संस्था १८८० साली रशियात निघाली आणि १९६० च्या दशकात मुंबईत आली. या सर्व संस्थांत एक गोष्ट समान दिसते. मुलांसाठी पैसा फक्त मोठ्यांनी गोळा केला नाही; मुलांनाही गोळा करायला लावला.

युवक गटांचे प्रत्यक्ष उपक्रम

निरनिराळ्या देशांतील ज्यू युवक गट जे उपक्रम करतात त्यांतील मुख्य खाली दिले आहेत. प्रत्येकासोबत आपल्या भागाचा विचारही जोडला आहे.

(अ) घरपेटी. शुक्रवारी सायंकाळी शब्बाथच्या मेणबत्त्या लावण्यापूर्वी घरातील मुले पेटीत नाणे टाकतात. शब्बाथ सुरू झाला की पैशाला हात लावायचा नाही. म्हणून शुक्रवारचे नाणे ही लहानपणापासूनची सवय होते. १९०१ साली स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीची निळी पेटी अशीच जगभर घराघरांत पोहोचली. त्या निधीतून पॅलेस्टाईनमध्ये जमिनी घेतल्या गेल्या आणि त्या भूमीचा रक्तरंजित वाद अजून मिटलेला नाही. म्हणून पेटीची पद्धत उचलताना पेटीचा हेतूही तपासून घ्यावा, हे येथे सांगणे जरूर आहे. आपल्याकडे पौर्णिमेला विहारात वंदनेपूर्वी घरपेटीतील रक्कम जमा करता येईल.

(आ) श्रमातून निधी. मोटारी धुणे, बागा साफ करणे, लहान मुले सांभाळणे अशी कामे करून मिळालेला पैसा मुले गटाला देतात. आपल्याकडे सुट्टीतील एक दिवस सर्वांनी मिळून सोयाबीन सोंगणीला वा तूर काढणीला जावे आणि त्या दिवसाची मजुरी निधीत जमा करावी. आपल्या मुलांना श्रमाची सवय नवी नाही. ज्यांना ती तुटली आहे अशा नोकरदारांच्या मुलांनाही ती या निमित्ताने लागेल.

(इ) खाद्यपदार्थ. घरी केलेले पाव, केक, मिठाई विकणे हा त्यांचा नेहमीचा उपक्रम. पुरीम सणाला आप्तेष्टांकडे खाऊची ताटे पाठवण्याची आणि किमान दोन गरिबांना दान देण्याची चाल आहे. अनेक ठिकाणी युवक गट लोकांच्या वतीने ही ताटे भरून घरोघर पोहोचवतात. त्यातून गटाला निधी मिळतो आणि एकट्या वृद्धांची भेटही होते. आपल्याकडे वैशाख पौर्णिमेला खीर करतात. मुलामुलींनी खिरीचे डबे मागणीप्रमाणे घरोघर पोहोचवले तर हाच लाभ होईल.

(ई) नाटक. पुरीमला विनोदी नाटके करण्याची त्यांची जुनी परंपरा आहे. आपली जलशाची परंपरा त्याहून कमी नाही. बाबासाहेबांच्या चळवळीत जलसाकारांनी गावोगाव विचार नेला. तिकीट लावून किंवा झोळी फिरवून केलेला एक चांगला जलसा महागड्या ध्वनिक्षेपकाच्या भिंतीपेक्षा कमी खर्चात होतो, आणि खर्च होण्याऐवजी काही शिल्लक टाकतो.

(उ) पदयात्रा. ओळखीच्या माणसाने मैलामागे ठराविक रक्कम कबूल करायची आणि मुलाने ते अंतर चालून दाखवायचे. ग्रंथदिंडीच्या जोडीने हे आपल्याकडेही करता येईल.

(ऊ) मंगल प्रसंगातील वाटा. तेराव्या वर्षी मुलाचा ‘बार मित्स्वा’ होतो. आलेल्या भेटींतील काही भाग मुलाने स्वतः समाजकार्याला द्यावा, असे त्याला शिकवतात. आपल्याकडे मंगल परिणय, नामकरण, पुण्यानुमोदन या प्रसंगी भोजनावर होणाऱ्या खर्चातून एक वाटा विद्यार्थी निधीला काढता येईल.

(ए) जाहिरातींची स्मरणिका. अमेरिकेतील ज्यू संस्था वार्षिक भोजनाच्या वेळी जाहिराती आणि शुभेच्छा घेऊन पुस्तिका काढतात. वाचकहो, आपण हातात धरलेली स्मरणिका त्याच कुळातली आहे. मात्र जाहिरातदाराला वर्षातून एकदाच आठवायचे नसते. त्याच्या पैशातून काय झाले हे सहा महिन्यांनी त्याला पत्राने कळवले, तर पुढच्या वर्षी जाहिरात मागावी लागणार नाही.

(ऐ) मानाचा लिलाव. प्रार्थनेच्या वेळी ग्रंथाची पेटी उघडण्याचा, वाचनाला उभे राहण्याचा मान लिलावाने देण्याची चाल अनेक ज्यू मंदिरांत आहे. ही पद्धत आपण घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या विहारात सर्व समान, तेथे मान विकत मिळता कामा नये. सोडतीची तिकिटेही टाळावीत. जुगाराच्या वाटेने आलेला पैसा धम्मकार्याला शोभत नाही, आणि परवानगीशिवाय अशी सोडत काढणे कायद्याने गुन्हा ठरू शकतो.

आपला स्वतःचा वारसा

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, आपण दुसऱ्याचे अनुकरण का करावे? त्याला आमचे उत्तर असे की, ही बीजे आपल्याच मातीत आहेत. आपण ती विसरलो आहोत.

ज्या कोकणात बेने इस्रायली स्थिरावले, त्याच रायगड जिल्ह्यात कुडा येथे बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. लेणी केवळ राजांनी कोरली नाहीत. फुले विकणाऱ्याच्या पैशानेही डोंगर कोरला गेला.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, लेख आहे. काळ इ. स. दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध. त्याने ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल कधीच काढायचे नाही. फक्त व्याज वापरायचे. आता हिशेब करून पाहा. २,००० चे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण होतात. लेखात म्हटले आहे की, लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. एक पैही इकडे-तिकडे नाही. शिवाय हा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवून दप्तरात नोंदवला गेला. कायम निधी, ठरलेले व्याज, ठरलेला हेतू आणि जाहीर नोंद, या चारही गोष्टी एकोणीसशे वर्षांपूर्वी बौद्धांना ठाऊक होत्या.

आणि आपले वाशीम? १९९८ साली जिल्ह्याचे ठिकाण झालेले हे गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. वत्सगुल्म शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे संघाला दान दिले. ज्या भूमीतून अजिंठ्याला दान गेले, त्या भूमीतील मुलाला परीक्षेच्या अर्जासाठी उसनवारी करावी लागावी, हे आपल्याला शोभत नाही.

धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. ज्यूंचा दशांश, आपला विसावा. त्या भाषणाचे आपण दरवर्षी स्मरण करतो. विसाव्या भागाचे स्मरण कितीजण करतात, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

सावधानतेचे तीन मुद्दे

बेने इस्रायली समाजाच्या इतिहासातून सावध करणाऱ्या गोष्टीही दिसतात.

पहिली गोष्ट, मोठ्या देणगीदाराची. कदूरींच्या देणगीचे मोल कमी नाही. परंतु मोठ्या देणगीनंतर संस्थेच्या दारावर एकाचे नाव लागते आणि आणा-दोन आणे देणाऱ्यांची नावे पुसली जातात. यासाठी मोठ्या देणगीसोबत लहान वर्गणी कधीही बंद करू नये. मोठी देणगी इमारतीला लागते, लहान वर्गणी संस्थेला जिवंत ठेवते.

दुसरी, बाहेरच्या मदतीची. परदेशातील बांधवांची मदत मोलाची असते. आपल्यासाठी ती घ्यायची तर विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी आवश्यक आहे. नोंदणी नसताना परदेशातून एक रुपयाही घेऊ नये.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. शाळा उरली, पण ज्या मुलांसाठी ती निघाली ती मुले देश सोडून गेली. पैसा इमारत राखू शकतो, माणसे राखू शकत नाही. आपलीही शिकलेली मुले पुण्याला, मुंबईला, नागपूरला जातात. त्यांनी गावी परत यावे असा हट्ट धरता येणार नाही. परंतु ज्या निधीवर ते शिकले, त्या निधीशी त्यांचे नाते तुटू नये, अशी व्यवस्था करता येते. मदत कर्जाऊ असेल तर नाते आपोआप टिकते.

एका वर्षाची योजना

चर्चेसाठी आम्ही एक साधी योजना मांडत आहोत.

समजा, एका गावातील ६० घरांनी घरपेटी ठेवली आणि रोज एक रुपया टाकला. वर्षाचे होतात २१,९०० रुपये. यात कोणाचे घर बुडत नाही. ज्यांची पक्की नोकरी आहे त्यांनी विसाव्या भागाकडे पाहावे. दहा हजार मिळकतीचा विसावा भाग पाचशे रुपये होतो. मजुरी करणाऱ्या कुटुंबाला उन्हाळ्यात हाताला काम नसते, त्या महिन्यांत त्याची पेटी रिकामी राहिली तरी कोणी बोलू नये. सोयाबीन बाजार समितीत गेल्यावर, दिवाळीच्या आसपास, तो आपला वाटा भरील. वर्गणीचे वेळापत्रक पिकाच्या वेळापत्रकाशी जुळले पाहिजे.

पेटी वर्षातून दोनदा उघडावी : एकदा आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपताना, एकदा वैशाख पौर्णिमेला. उघडताना दोघे मोजतील, एक मुलगा आणि एक मुलगी. वाटप तिघांची समिती ठरवील; त्यात एक शिक्षक, एक महिला आणि एक विद्यार्थी असावा. ज्याच्या घरातील अर्ज असेल तो त्या दिवशी समितीत बसणार नाही. जमाखर्च विहाराच्या फलकावर लावावा. मात्र मदत घेणाऱ्यांची नावे फलकावर लावू नयेत. तेथे फक्त रक्कम आणि कारण लिहावे : ‘परीक्षा शुल्क’, ‘पुस्तके’, ‘वसतिगृह अनामत’. नावे समितीच्या वहीत राहतील. हिशेब उघडा आणि घेणाऱ्याची अब्रू झाकलेली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात.

जमा रकमेचे तीन भाग करावेत. अर्धा भाग तातडीच्या मदतीसाठी, चौथा भाग बिनव्याजी कर्जासाठी आणि उरलेला चौथा भाग कायम निधीसाठी बँकेत मुदतठेव म्हणून. मुदतठेवीच्या मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. उषवदाताने हेच केले होते.

कायद्याचे भान ठेवावे. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असावी. नोंदणी नसलेल्या मंडळाने जाहीर वर्गणी काढण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी घ्यावी. प्रत्येक रकमेची छापील व क्रमांकित पावती द्यावी, मग ती दहा रुपयांची का असेना. आयकरातील सवलतीसाठी संस्थेला आयकर विभागाची मान्यता लागते, आणि दोन हजार रुपयांवरील रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही. म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फतच घ्यावी.

विद्यार्थ्यांसाठी चर्चेचे प्रश्न

१. ‘त्सेदाका’ आणि ‘दान पारमिता’ या दोन कल्पनांत साम्य कोणते आणि फरक कोणता?
२. वर्गणी गोळा करायला दोघे आणि वाटायला तिघे का हवेत? तुमच्या गावच्या मंडळात काय पद्धत आहे?
३. एका गावात ४५ घरे आहेत. प्रत्येक घर रोज दोन रुपये टाकते. वर्षाची रक्कम किती? वर सांगितल्याप्रमाणे तिचे तीन भाग करा.
४. मदत दान म्हणून द्यावी की बिनव्याजी कर्ज म्हणून? कोणत्या प्रसंगी काय योग्य?
५. मानाचा लिलाव विहारात का नसावा, यावर दहा ओळी लिहा.

समारोप

ज्यू समाजाच्या या अभ्यासातून आम्हाला कळलेली गोष्ट थोडक्यात अशी : युवक संघटनेचा निधी म्हणजे केवळ पैसा नव्हे, ती तरुणांची पहिली शाळा आहे. दहा दारे हिंडून विनयाने मागणे, नकार ऐकून न रागावणे, दुसऱ्याच्या पैशाचा चोख हिशेब ठेवणे आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देणे, एवढे ज्या तरुणाला जमले, तो उद्या ग्रामपंचायत चालवील, सहकारी संस्था चालवील आणि कोणापुढे मिंधा होणार नाही. मोठ्या दात्याची वाट पाहत बसलेल्या समाजात ही माणसे तयार होत नाहीत.

सम्राट अशोकाविषयी बौद्ध वाङ्मयात कथा आहे. अखेरच्या दिवसांत त्याच्याजवळ अर्धा आवळा उरला होता. तोही त्याने संघाला दिला. आपल्याजवळ अर्ध्या आवळ्याहून पुष्कळ जास्त आहे. येत्या आश्विन पौर्णिमेला आपल्या गावातील किती घरांतून पेट्या उघडल्या जातात, यावर पुढच्या जूनमध्ये किती मुलामुलींचे प्रवेश होतील हे ठरणार आहे. संस्थेच्या सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी या योजनेवर आपापल्या विहारात चर्चा करावी, तिच्यातील उणिवा दाखवाव्यात आणि कामाला लागावे, ही नम्र विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!